आई, आल्याला माझा विरोध नाही

ती. आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींनाही नमस्कार.

मी इथे मजेत आहे. तब्येत उत्तम, झोप व्यवस्थित, वजनही कमी झालेलं नाही. ड्यूटीचं आणि खोलीचं सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यात नवीन काही नाही. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा विचारतील. फोनवर आई दोन मिनिटांत "मी बरी आहे, तू जेवलीस का" एवढंच म्हणते आणि फोन वहिनीच्या हातात देते. पत्राचं तसं होत नाही. दादा, हे मोठ्या अक्षरात छापून आईच्या हातात दे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

रविवारी वहिनी बोलता बोलता सांगून गेली. आई, तिला काही बोलू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर पोट साफ होईना म्हणून तू उलटीच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी बंद केल्यास आणि आत्याने सांगितलं म्हणून दिवसातून चार-पाच वेळा नुसता आल्याचा रस घेत राहिलीस. तिसऱ्या रात्री तुला इतके उमासे आले की वहिनी पहाटेपर्यंत तुझी पाठ चोळत बसली होती. आणि सकाळी तू मला सांगितलंस, "बरी आहे."

मी रागावलेली नाही. रागावण्याचा मला अधिकारही नाही, ते पुढे येईलच. पण तिसरी सायकल मंगळवारी आहे. त्याआधी हे सगळं नीट सांगायचं होतं.

आत्याला सांग की आल्याला माझा विरोध नाही. सुंठीला संस्कृतात विश्वभेषज म्हणतात, हे तिने मला फोनवर दोनदा ऐकवलं आणि ते खरंच आहे. आमच्या कॅन्सरच्या वॉर्डातही रोज कुणी ना कुणी विचारतं, "सिस्टर, आलं घेतलं तर चालेल का?" त्यांना मी झिडकारत नाही. मग स्वतःच्या आईला कशी झिडकारेन? आल्यात काही नाही, ही सगळी जुन्या लोकांची समजूत आहे, असं मी कधीच म्हटलेलं नाही. मी म्हणते ते इतकंच, की आलं गोळीच्या सोबतीला घ्यायचं असतं. गोळी सोडून आलं घेतलं की तिसऱ्या रात्रीसारखं होतं.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत की औषध हाताच्या शिरेतून जातं, मग ढवळतं पोटात का? तेव्हा मी ड्यूटीवर होते, "नंतर सांगते" म्हणाले आणि राहूनच गेलं. आता सांगते. केमोचं औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, तसं आतड्यालाही पोहोचतं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी त्यामुळे दुखावतात आणि सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. तिथून मेंदूच्या तळापर्यंत एक लांब नस जाते. तिच्यावर या रसायनाची जणू थाप पडते आणि मेंदूला वाटतं की पोटात विष गेलंय, ते बाहेर काढायला हवं. पहिल्या दिवसाची मळमळ मुख्यतः यातून येते. ऑन्डान्सेट्रॉनची गोळी ही थाप पडू देत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत दुसरी लाट येते. तिच्यामागे मेंदूतलं दुसरं रसायन असतं, त्याला सब्स्टन्स पी म्हणतात. या लाटेसाठी ॲप्रेपिटंटच्या कॅप्सूल देतात. डेक्सामेथासोन आणि रात्रीची ओलान्झापिन दोन्ही लाटांना उपयोगी पडतात. म्हणजे आई, पहिली लाट ओसरली म्हणून तू निर्धास्त झालीस आणि दुसरी यायच्या तोंडावर सगळ्या गोळ्या बंद केल्यास. तुझं चुकलं असं नाही म्हणत. पहिला दिवस बरा गेला की कुणालाही वाटतं, आता काय होतंय! हे तुला कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं. घरात हे माहीत असलेली माणूस एकच, आणि ती इथे बसली आहे.

आता आल्याबद्दल. ओल्या आल्यात जिंजेरॉल नावाची तिखट द्रव्यं असतात. आलं वाळलं की त्यांतल्या काहींचं शोगाओल होतं. जपानी भाषेत आल्याला शोगा म्हणतात, त्यावरून ते नाव पडलं. म्हणजे सुंठ हे नुसतं वाळलेलं आलं नाही, तिचा गुण थोडा वेगळा असतो, हे आत्या म्हणते ते बरोबर आहे. ही द्रव्यं त्याच सेरोटोनिनच्या जागी जाऊन थोडा अडसर करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पोटातलं अन्न पुढे सरकायलाही आल्याने मदत होते. पण गोळी जिथे दार लावते, तिथे आलं ते नुसतं ओढून धरतं, इतकाच त्याचा जोर समज.

आणि हे माणसांवर करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने एक मोठा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ रुग्णांची नोंद तपासली. कुणाला दिवसाला अर्धा ग्रॅम आलं, कुणाला एक, कुणाला दीड, आणि कुणाला नुसत्या रिकाम्या कॅप्सूल. केमोच्या तीन दिवस आधी सुरू करून सहा दिवस द्यायचं. पहिल्या दिवसाची मळमळ आलं घेणाऱ्यांना कमी झाली आणि सगळ्यांत चांगला गुण अर्ध्या आणि एक ग्रॅमला आला. दीड ग्रॅमला नाही! आई, चार-पाच वेळा रस घेतेस म्हणून हे मुद्दाम लिहिते. जास्त घेतलं म्हणून जास्त उपयोग होत नाही. दिल्लीच्या एम्समध्येही मुलांवर आणि तरुण रुग्णांवर असा अभ्यास झाला, २०११ साली तो छापून आला. तिथे सुंठीच्या पुडीने मळमळ आणि उलट्या दोन्हींचा जोर कमी झाला.

पण सगळे अभ्यास असेच निघाले नाहीत, हेही सांगायला हवं. इटलीत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेणाऱ्या रुग्णांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आल्याने काहीच फरक दिसला नाही. २००९ च्या एका लहान अभ्यासात तर ॲप्रेपिटंट घेणाऱ्यांना वर आलं दिलं तेव्हा मळमळ उलट जास्त झाली. तो अभ्यास लहान होता, घाबरून जाऊ नका. पण तुझ्या औषधांत नेमकी तीच कॅप्सूल आहे. म्हणून सुंठ सुरू करण्याआधी तुझ्या डॉक्टरांना विचारायचं, आणि ते नाही म्हणाले तर या खेपेला नाही घ्यायची. आत्याला वाईट वाटेल, तिला मी फोन करीन. आणि या चारही ठिकाणी आलं उलटीच्या औषधांबरोबरच दिलं होतं. औषध काढून घेऊन नुसत्या आल्यावर कुणालाही ठेवलं नव्हतं.

डॉक्टर हो म्हणाले तर कसं घ्यायचं, हे वहिनी, तुझ्यासाठी. सुंठीची पूड अर्धा चहाचा चमचा, सपाट, म्हणजे साधारण एक ग्रॅम. ती दिवसभराची. दोन-तीन वेळा वाटून, उकळत्या पाण्यात घालून, गाळून, कोमट करून द्यायची. रिकाम्या पोटी नको, छातीत जळजळ होईल. ओलं आलं वापरलंस तर त्यात पाचातला चार भाग पाणीच असतं, म्हणून पाचेक ग्रॅमचा तुकडा पुरे. तो नीट धुऊन, सोलून, उकळून. कच्चा रस बंद. केमोनंतर दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात, तेव्हा कच्च्या गोष्टी जपून द्याव्या लागतात. शिवाय तोंड आलं असेल तर रसाने आगीसारखं होईल. प्लेटलेट कमी आल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर आलं त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. आल्याने रक्त गोठायला किंचित वेळ लागू शकतो.

आणि बाबा, तुम्ही. आईला सोबत म्हणून तुम्हीही रोज तिच्याबरोबर रस घेता असं कळलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे ना? मग तुम्ही आजपासून बंद करा. आईला सोबत करायचीच तर जवळ बसून गरम पाणी प्या.

पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी आहे. ऑन्डान्सेट्रॉनने ते होतंच, डोकंही दुखतं. आमच्याकडे निम्मे पेशंट हेच सांगतात. पण त्यावर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून देतात. ते तुला मिळालं नाही, कारण तू सांगितलंच नाहीस. दादा, मंगळवारी हे आधी विचार. आणि ओलान्झापिनने दिवसभर गुंगी येते म्हणत होतीस, तर तेही विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यावर अभ्यास झाला आहे, २०२४ साली आला. १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिलं तरी उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि गुंगी कमी येते, असं त्यात दिसलं. त्यातल्या बऱ्याच जणी तुझ्यासारखंच लाल रंगाचं केमोचं औषध घेणाऱ्या होत्या. डॉक्टरांना माहीत असेलच, पण विचारायला लाजू नका.

आता इथल्या, परदेशातल्या हॉस्पिटलातली एक गोष्ट सांगते, जी मला पहिलं वर्षभर कळलीच नाही. इथे पेशंटला "कसं वाटतंय" असं कुणी विचारत नाही. आधी पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची. समोरचा माणूस आठव्यांदा आलेला असो, तुम्ही त्याच्या नातवंडांना नावानिशी ओळखत असा, तरी विचारायची, आणि तोही न चिडता सांगतो. मग विचारायचं, "शून्य ते दहामध्ये मळमळ किती?" शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. मला वाटायचं, हा काय प्रकार आहे? पोटात ढवळतंय त्याचे मार्क कसे देणार? आणि लोक देतात! एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून विचार करतात आणि सांगतात, "साडेतीन." एकदा त्यांची बायको म्हणाली, "रात्री तर पाच होती." ते म्हणाले, "पाच नव्हती, पाच मागच्या वेळी होती." मी फॉर्म हातात धरून उभी. चेष्टा चालली आहे की काय, असंच मला वाटलं. तर नाही, दोघंही अगदी गंभीर होती.

आणि विचारायचं तेही एकदा नाही, दर वेळी. शिवाय मळमळीचा आकडा वेगळा, उलट्या किती झाल्या ते वेगळं. का, तर उलटी दिसते, मोजता येते, आणि आताची औषधं ती बऱ्यापैकी थांबवतात. मळमळ कुणाला दिसत नाही, आणि तिच्यावर औषधं तितकी चालत नाहीत. एकही उलटी न झालेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बरा आहे. अमेरिकेतल्या त्या आल्याच्या अभ्यासातही फरक पडला तो मळमळीच्या आकड्यातच. सगळ्यांनी "ठीक आहे" म्हटलं असतं तर तो फरक कुणाला कळलाच नसता.

वर्षभराने एक दिवस माझ्या लक्षात आलं. शांत स्वभावाची एक बाई होती, कधी तक्रार नाही. ती हळूच म्हणाली, "सात." बाकी एक शब्द नाही. पण सात म्हटल्याबरोबर डॉक्टरांना बोलावणं गेलं आणि पुढच्या खेपेसाठी तिची औषधं बदलली. "कसंतरी होतंय" म्हटलं असतं तर मीही तिला थोडं पाणी देऊन पुढे गेले असते. आकडा सांगितला की मागणं मागितल्यासारखं वाटत नाही, आणि औषध मात्र मिळतं. तुझ्यासारख्या बाईसाठीच हे काढलं असावं असं मला तेव्हा वाटलं. तुझा आजार तेव्हा ठाऊकही नव्हता, तरी तुझीच आठवण आली होती.

म्हणून वहिनी, एक वही कर. केमोच्या दिवसापासून पाच दिवस सकाळ, दुपार, रात्र आकडा लिहायचा. उलट्यांची संख्या वेगळी, गोळ्या घेतल्या त्या वेळा वेगळ्या, सुंठ घेतली तर तीही. आई आकडा कमी सांगेल. तू तिच्या तोंडाकडे बघून तुझा आकडा शेजारी लिही. आणि चोवीस तास पाण्याचा घोटसुद्धा पोटात टिकला नाही, लघवी कमी झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली, तर वहीत लिहीत बसू नका, हॉस्पिटल गाठा. ताप १००.४ झाला तर मध्यरात्रसुद्धा बघायची नाही. "सकाळी जाऊ" हे आईचं वाक्य तेव्हा ऐकायचं नाही.

आई, अजून एक. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, गरोदरपणात उलट्यांचा त्रास झाला होता का? तू म्हणालीस, नाही. दादाने मला सांगितलं. अगं, आजी जाईपर्यंत सांगत होती, माझ्या वेळी तुला पाच महिने पाणीसुद्धा पचत नव्हतं, आणि ती पदराच्या गाठीला आल्याचा तुकडा बांधून तुझ्यामागे फिरायची. डॉक्टर ते नुसतं गप्पांसाठी विचारत नाहीत. गरोदरपणात ज्यांना फार त्रास झाला त्यांना केमोतही जास्त होतो, त्यावरून औषध ठरवतात. मला वाईट वाटू नये म्हणून नाही म्हणालीस का? की लेक ऐकते आहे म्हणून? मंगळवारी खरं सांग. माझ्यामुळे तुला तेव्हा त्रास झाला, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आवडीचं काही केमोच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आईला देऊ नका, हेही लक्षात ठेवा. मळमळीच्या वेळी जे तोंडात जातं त्याच्याशी मन ती मळमळ जोडून टाकतं, आणि मग ती चव वर्षानुवर्षं नकोशी होते. आल्याचंही तसं होऊ शकतं. उपचार संपवून गेलेली एक पेशंट मला सांगत होती, तिला आता आल्याचा वास आला की खुर्ची, सलाईन, सगळं आठवतं. म्हणून उमासे चालू असताना बळजबरीने आलं पाजू नका. आई, तो वास तुझ्यासाठी आजीच्या पदराचा आहे, तो तसाच राहू दे. आणि हॉस्पिटलची पिशवी बघितली तरी पोटात ढवळतं असं वहिनी म्हणाली. ते मनाचे खेळ म्हणून सोडू नका, तेही डॉक्टरांना सांगायचं असतं, त्याला औषध आहे.

आता माझ्याबद्दलच्या काळज्या. तू विचारलंस, ही औषधं रोज हाताळून मला काही होणार नाही ना, पुढे मुलंबाळं व्हायची आहेत. काही होत नाही. मी उघड्या हाताने काही करत नाही. औषध फार्मसीतून बंद पिशवीत तयार होऊन येतं, मी दोन-दोन हातमोजे आणि गाऊन घालून फक्त जोडते. गरोदर नर्सला आमच्याकडे हे काम देतच नाहीत. मी शिकून आले आहे, मला माझी काळजी घेता येते. उलट तुम्हीच घरी काळजी घेत नाही. वहिनी, केमोनंतर ४८ तास आईची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घातलेच पाहिजेत. झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. मला हे रविवारी कळलं की तू नुसत्या हाताने सगळं करतेस. लाल लघवी बघून घाबरलात म्हणे, ती लाल औषधाचीच असते, एक-दोन दिवसांत जाते. दिवस राहिल्याची शंका जरी आली तरी तू त्या कामाला हात लावायचा नाही, दादाने करायचं. दादा, ऐकतोस ना?

मी एकटी पडते, रडते, असं आत्याला वाटतं. रडत नाही. काम इतकं असतं की वेळ मिळत नाही. फक्त रात्रपाळीला कधी कुणा म्हाताऱ्या बाईची पाठ चोळते तेव्हा हात थोडा वेळ तिथेच राहतो.

पैशांचं. मी काल पाठवले आहेत, दोन दिवसांत जमा होतील. परत पाठवू नका आणि माझ्या लग्नासाठी बाजूला टाकू नका. आई, वहिनीला कपाटात ॲप्रेपिटंटच्या दोन कॅप्सूल सापडल्या. पहिली हॉस्पिटलमध्ये घेतलीस आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या दोन पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्यास. म्हणजे पोट साफ होत नव्हतं हे अर्धंच कारण होतं. महाग आहेत म्हणून राखल्यास, हो ना? अगं, त्या तीन मिळून एक औषध असतं. लेक परदेशात कमावते आणि आई तिसऱ्या रात्री कॅप्सूल वाचवते. हे मी कुणाला सांगू? या खेपेला तीनही त्याच दिवसांना संपल्या पाहिजेत.

लग्नाचं. हो म्हणते मी. तुम्ही पाहिलेल्या स्थळाशी चार महिने फोनवर बोलते आहे, माणूस चांगला आहे. तुझं कळल्यावर त्याने पहिलं विचारलं की तुझी पुढची सायकल कधी आहे. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. पण आई, "डोळ्यांदेखत होऊ दे" हा शब्द पुन्हा काढायचा नाही. लग्न उपचार संपल्यावर. साखरपुडा हवाच असेल तर चौथ्या सायकलनंतर तिसऱ्या आठवड्यात धरा, तेव्हा पांढऱ्या पेशींचे काउंट वर आलेले असतात. पहिले दोन आठवडे गर्दी चालणार नाही, मुहूर्त कितीही चांगला असो. त्याच्या घरच्यांना मी हे सांगितलं आहे, त्यांची हरकत नाही.

चौथ्या सायकलला मी येते आहे. तीन आठवडे रजा मिळाली, तिकीट काढलं. तिसरीला रजा मिळाली नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नाही. मी अर्जच उशिरा केला. दिवसभर लोकांच्या हातात सुया लावते मी, पण त्या खुर्चीत तुला बसलेलं बघायची हिंमत होत नव्हती. आता झाली आहे. राग आला असेल तर मी घरी आल्यावर बोल, फोनवर नको.

मंगळवारी केमो झाली की बुधवारी सकाळी माझा फोन येईल. "बरी आहे" म्हणायचं नाही. आकडा सांगायचा.

तुमची,
धाकटी

ता. क. कपाटातल्या त्या दोन कॅप्सूलची मुदत तपासून दादाने मंगळवारी डॉक्टरांना दाखवाव्यात, घरी कुणी मनाने घेऊ नये. आणि बाबा, गरम पाणी.